निळवेलीची फुले : ऊन, सावली आणि रात्र

एका खेड्यातील प्राथमिक शाळेत मुलांनी मृगाच्या पावसानंतर निळवेलीच्या बिया लावल्या. काही बिया इमारतीच्या मागे, पश्चिमेकडील कुंपणाशी लावल्या. काही पुढील प्रवेशद्वाराच्या कमानीशी. माती एकाच ढिगातील होती, शेणखत एकाच पाटीतील होते, आणि पाणी घालणाऱ्या मुलांच्या पाळ्याही सारख्याच होत्या. गणेशचतुर्थीच्या सुमारास कुंपणावरील वेली निळ्या फुलांनी भरून गेल्या. कमानीवरील वेली मात्र हिरव्यागार, दाट आणि फुलावाचून राहिल्या. मातीत कस नसावा, असे समजून गुरुजींनी त्यांच्या मुळाशी मूठभर युरिया टाकविला. पाने अधिकच गडद झाली. कळी एकही दिसेना. तेव्हा चौथीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, माती तर आम्ही एकाच ढिगातली घातली. आणि कमानीवर कुंपणापेक्षा जास्तच ऊन असतं. मग फुलं का नाहीत?"

प्रश्न बिनतोड होता. फुलझाडास ऊन लागते, सावलीत फुले येत नाहीत, एवढेच आपण वर्गात सांगत असतो. ते खोटे नाही; परंतु ते अर्धेच आहे. राहिलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे त्या गुरुजींना मुलीच्या प्रश्नास उत्तर देता आले नाही. निळवेलीच्या निमित्ताने ते समजून घेतले, तर परिसर अभ्यासाच्या अनेक तासिकांस पुरेल इतके साहित्य शाळेच्या कुंपणावरच मिळते.

प्रथम वेलीची ओळख पक्की करून घ्यावी. गारवेल हे नाव आपल्याकडे एकाच कुळातील अनेक वेलींना सरसकट दिले जाते. रेल्वेच्या कुंपणांवर वाढणारी, पंजासारख्या पाच बोटांच्या पानांची, जांभळट फुलांची बारमाही वेल निराळी. निळवेलीचे पान बहुधा तीन खंडांचे असते, देठावर व खोडावर लव असते, आणि नरसाळ्यासारखे फूल निळे असून त्याचा गळा पांढरा असतो. ही वर्षायू वेल पावसाळ्यात उगवते व बी धरून वाळते. तिच्या बियांना काळादाणा म्हणतात. काळादाणा हे तीव्र रेचक आहे. लहान मुले बिया तोंडात घालणार नाहीत, याची दक्षता शिक्षकांनी पहिल्या दिवसापासून घ्यावी. बियांची पुडी वर्गाच्या कपाटात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. रताळे, गणेशवेल, समुद्रकाठची मर्यादवेल व ओढ्याकाठचे बेशरम ही सर्व याच कुळातील भावंडे होत.

या वेलीचा अभ्यास जगात सर्वांत अधिक कोठे झाला असेल, तर तो जपानात. तेथे ती चीनमधून औषधी म्हणून गेली आणि पुढे लोकांच्या अंगणातील लाडकी वेल झाली. जपानी भाषेत तिला आसागाओ म्हणतात. त्याचा अर्थ 'सकाळचा चेहरा'. टोकियो शहरातील इरिया भागात दरवर्षी जुलैच्या ६ ते ८ या तारखांना केवळ या वेलीच्या कुंड्यांचा बाजार भरतो. शिक्षकांच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, तेथील प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांकडून ही वेल कुंडीत लाववून घेण्याची प्रथा आहे. प्रत्येक मुलाची कुंडी स्वतंत्र असते. मूल बी पेरते, रोज पाणी घालते, चित्रे काढून नोंद ठेवते आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुंडी घरी नेते. आपल्याकडे कुंडीचा खर्च नको असेल, तर तेलाचा रिकामा डबाही तेच काम करील.

आता उन्हाविषयी. वेलीचे पान हे तिचे स्वयंपाकघर. ऊन, पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून पान साखर तयार करते, आणि त्या साखरेवर मूळ, खोड, पान, फूल व बी या सर्वांचे पोषण होते. फूल हा वेलीचा खर्चिक व्यवहार आहे. एक फूल एकच सकाळ टिकते. दुसऱ्या दिवशी दुसरे लागते. असा रोजचा खर्च चालण्यास आवक मोठी हवी. म्हणून दिवसातून निदान सहा तास उघडे ऊन मिळणारी वेल भरपूर फुलते, आणि दिवसभर सावलीत असलेली वेल थोडकी फुले देते किंवा देतच नाही. सावलीतील वेल पाहिली म्हणजे तिची ओढाताण डोळ्यांना दिसते. दोन पानांमधील अंतर लांबते, खोड बारीक होते, पान मोठे पण पातळ होते. सारी मिळकत प्रकाशाकडे धाव घेण्यात खर्ची पडते. पानाच्या बेचक्यात कळी धरली, तरी ती पुष्कळदा पिवळी पडून गळते.

सावली आणि सावली यांतही फरक आहे. भिंतीच्या सावलीत उजेड कमी असतो, पण त्याची जात बदललेली नसते. वडा-पिंपळाखालच्या सावलीतील उजेड मात्र पानांतून गाळून येतो. त्यातील तांबडा भाग वरच्या पानांनी शोषून घेतलेला असतो. या फरकावरून वेलीस 'वर कोणीतरी आहे' याची जाणीव होते व ती अधिकच उंच ताणू लागते. म्हणून निळवेल मोठ्या झाडाच्या बुंध्याशी लावू नये. भिंतीलगत लावल्यास हरकत नाही.

युरियाविषयी येथेच दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. नत्र अधिक झाले की वेल पानांवर भर देते व फुले मागे पडतात. फूल नाही म्हणून खत, खत घातले म्हणून पाने, आणि पाने वाढली तरी फूल नाही म्हणून पुन्हा खत, हा फेरा पुष्कळ शाळांच्या बागांतून चालतो. निळवेलीस लावणीच्या वेळी घातलेले शेणखत पुरे होते.

येथपर्यंतच्या विवेचनाने कुंपणावरील वेलीचे समाधान होते; कमानीवरील वेलीचे होत नाही. तिला ऊन भरपूर होते. तिला कशाची वाण पडली होती?

या प्रश्नाचा उलगडा होण्यास प्रारंभ झाला तो तंबाखूच्या एका शेतात. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गार्नर व अ‍ॅलार्ड या दोघा शास्त्रज्ञांपुढे तंबाखूचे एक वाण होते. ते उन्हाळ्याच्या शेतात पुरुषभर उंचीहून अधिक वाढे, परंतु फुलत नसे. तेच हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुले. सोयाबीनचे एक वाण त्यांनी काही दिवसांच्या अंतराने अनेकदा पेरून पाहिले, तरी सगळ्या पेरण्या जवळजवळ एकाच सुमारास फुलल्या. उष्णता, ओल, खत अशी एकेक कारणे तपासून बाजूस सारल्यावर त्यांनी ऐन उन्हाळ्यात काही रोपे दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवण्याचा क्रम सुरू केला. दिवस असा आखूड होताच रोपे फुलली. १९२० साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवितात.

पुढे १९३८ साली हॅम्नर व बॉनर यांनी त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यांनी शंकेश्वराच्या झाडावर प्रयोग केले. ज्याची काटेरी फळे रानातून येताना मुलांच्या कपड्यांना चिकटतात, तेच हे झाड. दिवसाच्या मध्येच थोडा वेळ अंधार केला, तर झाडाच्या फुलण्यात काही फरक पडला नाही. परंतु लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड दाखविताच ते फुलेनासे झाले. याचा अर्थ, झाड मोजते ती दिवसाची लांबी नव्हे. ते अखंड अंधाराची लांबी मोजते. रात्र मध्येच तुटली, तर झाडाच्या हिशेबी एका मोठ्या रात्रीच्या दोन लहान रात्री होतात.

निळवेल याच गटातील आहे, आणि तिचे एक जपानी वाण या बाबतीत विलक्षण हळवे आहे. त्याचे रोप नुकतेच उगवून केवळ दोन बीजपत्रे उघडलेली असताना त्यास सोळा तासांची एकच अखंड रात्र दिली, तरी ते फुलण्याच्या मार्गास लागते. त्याच रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे तांबडा उजेड दाखविला, तर तो परिणाम पुसला जातो. क्योतो येथील शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या वाणावर वर्षानुवर्षे काम केले, आणि फुलण्याच्या शास्त्रातील पुष्कळसे ज्ञान त्यातून आले.

हा अंधार कोण ओळखते? कळी नव्हे, पान. पानात फायटोक्रोम नावाचे निळसर रंगद्रव्य असते. तांबड्या उजेडाने त्याचे रूप पालटते. १९५९ साली ते प्रत्यक्ष ओळखण्यात यश आले. रात्र पुरेशी लांब झाली की पानाकडून शेंड्याकडे फुलण्याचा निरोप जातो. असा निरोप असावा, हे रशियातील चैलाख्यान यांनी १९३० नंतरच्या दशकातच सुचविले होते आणि त्यास 'फ्लोरिजेन' हे नावही दिले होते. परंतु तो निरोप म्हणजे पानात तयार होऊन खोडातून प्रवास करणारे एक प्रथिन होय, हे दाखविणारे पुरावे २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे शोध पुरा होण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. एका वेलीचा निरोप दुसरीसही पोचू शकतो. सहसा न फुलणाऱ्या रताळ्याच्या वेलीचे कलम निळवेलीवर बांधून रताळ्यास फुलविण्याची रीत संशोधक वापरतात, ती याच आधारावर.

आपल्याकडील रात्र या वेलीस पुरते काय, असा प्रश्न येथे सुचेल. टोकियोत जूनअखेरीची रात्र साडेनऊ तासांहूनही थोडी कमी असते, तरी तेथील वेली जुलैत फुलतात. महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. म्हणजे सर्वांत लहान रात्रही पावणेअकरा तासांच्या घरात असते. डिसेंबरात ती तेरा तासांपर्यंत जाते. तेव्हा आपल्या गावची रात्र निळवेलीस आखूड पडत नाही. ती आखूड करतो तो माणूस.

त्या शाळेच्या कमानीवर ग्रामपंचायतीने बसविलेला दिवा होता. तो सायंकाळी लागे व पहाटे मालवला जाई. त्याचा पांढरा उजेड वेलीच्या पानांवर दोन हातांवरून रात्रभर पडत असे. वेलीस दिवस भरपूर मिळत होता. रात्र मिळत नव्हती. मुलीच्या प्रश्नानंतर गुरुजी एका संध्याकाळी मुद्दाम शाळेकडे गेले, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. दिवा काढणे योग्य नव्हते. रात्री तेथून बायामाणसे ये-जा करीत. त्यांनी ग्रामपंचायतीस विनंती करून दिव्यामागे पत्र्याचा आडोसा बसवून घेतला व उजेड रस्त्याच्या बाजूस वळविला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा कमानीवर फुले होती. गुरुजींनी वर्गात आपले आधीचे उत्तर चुकले होते हेही सांगितले, आणि फळ्यावर प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे नाव लिहिले.

गावातील शेतकऱ्यांना ही गोष्ट निराळ्या रूपाने ठाऊक असण्याचा संभव आहे. रस्त्यावरील दिव्याखालचे सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरवेच राहते, असे अनुभवास येते. शेवंतीची व्यापारी लागवड करणारे तर रात्री मुद्दाम दिवे लावून फुले लांबणीवर टाकतात व बाजाराच्या वेळेस फुलवितात. अशा शेतकऱ्यास वर्गात बोलावून मुलांशी बोलावयास सांगावे. मुलांस ते पुस्तकापेक्षा अधिक पटते.

फूल धरणे ही एक गोष्ट आणि धरलेली कळी उमलणे ही दुसरी. सकाळी सूर्य दिसला की फूल उमलते, असे मुलांच्या वह्यांतून आढळते. निळवेलीच्या बाबतीत तसे नाही. तिची कळी उमलते ती अंधार पडल्यापासून सुमारे दहा तासांनी. सायंकाळी सातच्या सुमारास अंधार झाला, तर पहाटे पाचच्या सुमारास फूल उघडते. हिवाळ्यात सहालाच अंधारते, त्यामुळे फूल आणखी लवकर, भर काळोखात उघडते. म्हणजे आजचे फूल आजच्या उगवत्या सूर्याकडे पाहून उमललेले नसते; कालच्या मावळत्या सूर्याने त्यास वेळ नेमून दिलेली असते. उमललेले फूल मिटविण्याचे काम मात्र सकाळचे ऊन व उष्णता लवकर करतात. उघड्या उन्हातील फूल दुपारपूर्वीच मिटून गुंडाळते व तांबूस होते. ढगाळ दिवशी किंवा सावलीत ते पुष्कळ अधिक वेळ टिकते.

या एका गोष्टीमुळे शाळेत वेल कोठे लावावी, हे ठरते. साडेदहाला भरणाऱ्या शाळेतील मुलांच्या नशिबी पूर्वेकडील कुंपणावरची सुकू लागलेली फुलेच येतात. सकाळच्या शाळेच्या दिवशीच काय ती त्यांना ताजी फुले दिसतात. ज्या मुलांनी तीन महिने पाणी घातले, त्यांनाच उमललेले फूल पाहावयास मिळू नये, हे बरे नव्हे. वेल इमारतीच्या पश्चिमेस, भिंतीपासून चार-पाच हातांवर लावावी. सकाळी इमारतीची सावली फुलांना जपते व ती शाळा भरेपर्यंत ताजी राहतात. दुपारपासून मावळेपर्यंतचे ऊन पानांना मिळते व वेलीचे पोषण होते. वर सांगितलेल्या शाळेचे कुंपण योगायोगाने असेच होते. मात्र तेथे सायंकाळी झाडांची आड येणारी सावली नसावी.

प्रयोगासाठी पाच लिटरचे सहा रिकामे डबे घ्यावे. तळाला भोके पाडून सर्वांत सारखीच माती व शेणखत भरावे. निळवेलीच्या बीचे कवच टणक असते. म्हणून शिक्षकांनी स्वतः बी खरबरीत दगडावर एका बाजूने किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. प्रत्येक डब्यात दोन बिया पेराव्या व उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेवावे. रोपांना सारख्या उंचीच्या काठ्या द्याव्या. दोन डबे दिवसा उन्हात व रात्री अंधारात राहतील असे ठेवावे. दोन डबे व्हरांड्याच्या आत, दिवसभर सावलीत, परंतु रात्री अंधारात. उरलेले दोन दिवसा उन्हात, आणि रात्री जळत्या दिव्यापासून हात-दोन हातांवर. प्रत्येक जोडी अशासाठी की, एखादे रोप शेळीने खाल्ले तरी प्रयोग बुडू नये. डबे जागेवरून हलवू नयेत. रात्री वीज गेल्यास ती किती वेळ नव्हती, हे दिव्याजवळ राहणाऱ्या मुलाने लिहून आणावे. त्या नोंदीवाचून तिसऱ्या जोडीचा अर्थ लागणार नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मुलांनी निरीक्षणवहीत पानांची संख्या, वरून चौथ्या व पाचव्या पानांमधील अंतर आणि बेचक्यांत दिसणाऱ्या कळ्या लिहाव्या. पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांत पहिल्या जोडीस फुले येऊ लागतील. दुसऱ्या जोडीची खोडे लांब व बारीक, आणि फुले थोडी असतील. तिसरी जोडी पहिलीइतकीच धष्टपुष्ट असेल, पण कळ्या बहुधा येणार नाहीत किंवा फार उशिरा येतील. दुसरी व तिसरी जोडी शेजारी आणून मुलांस दाखवावी: एकीला ऊन कमी पडले, दुसरीला रात्र. दोन्ही फुलावाचून, आणि दोहोंचे रूप अगदी भिन्न. तिसऱ्या जोडीतील एक डबा मग अंधाऱ्या जागी हलवावा व चार-सहा आठवडे वाट पाहावी. रानातून आणलेले बी असेल, तर सगळ्या वेली एकसारख्या वागतीलच असे नाही. जे दिसले तेच वहीत उतरवावे. अपेक्षित उत्तर आधी फळ्यावर लिहू नये.

उमलण्याचा प्रयोग याहून सोपा आहे. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी लांब, पिळदार व रंग दिसू लागलेली असते. अशा कळ्यांचे दोन डबे घेऊन एक अंधारात ठेवावा व दुसरा घरी दिव्याजवळ रात्री अकरापर्यंत ठेवून मग अंधारात न्यावा. पहिले फूल पहाटे उमललेले असेल. दुसरे शाळेच्या वाटेवर मुलाच्या हातात असताना उमलताना दिसण्याचा संभव आहे. हा प्रयोग भाद्रपद-आश्विनाच्या उबदार दिवसांतच करावा. थंडीत कळ्या उजेडातही उमलतात, त्यामुळे फरक नीट दिसत नाही.

फुले संपल्यावर बोंडे तपकिरी होऊन फुटू लागण्यापूर्वीच वेचावी, नाहीतर बी जमिनीवर पसरून पुढील पावसाळ्यात शेजारच्या शेतात तण म्हणून उगवते. बी दोन दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे व पुडीवर वर्ष लिहावे. दिव्याखालील वेलीचे बी निराळे ठेवण्याचे कारण नाही. अंधाऱ्या जागी पेरल्यास ते इतरांसारखेच फुलते.